वाडा किती जुना, हे विचारण्याआधी कुठला चौक किती जुना ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यात गावी वडिलोपार्जित दोनचौकी, म्हणजे आत दोन उघडी अंगणं असलेला, वाडा आहे. घरात सगळे सांगतात की तो शिवकालीन, साडेतीनशे वर्षांचा. कागद मात्र एकही हाताशी नाही. मागचा चौक पडायला आलाय. चुलत भावांपैकी काहींना तो पाडून बंगले बांधायचेत, काहींना ठेवायचाय. मग वाड्याचं खरं वय आणि इतिहास कसा शोधायचा? आणि तोवर भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला तर चालेल का?

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते. दिवसाचा बराच वेळ सुतार आणि गवंड्यांबरोबर, तुळयांखाली मान वर करून जातो. त्यामुळे माझं उत्तर मुख्यतः वास्तू वाचण्याबद्दल असेल.

आधी एक स्पष्ट बोलते. तुम्ही वय विचारलंय, पण घरातला खरा वाद ठेवायचा की पाडायचा हा आहे. साडेतीनशे हा आकडा सिद्ध झाला की पाडणारे गप्प बसतील, अशी आशा त्यामागे दिसते. तसं होत नाही. शिवकालीन ठरलेला वाडाही गळत असेल तर भाऊबंद तो पाडायलाच बघतात, आणि सव्वाशे वर्षांचा कोरडा, राहता वाडा कुणी पाडायचं नाव काढत नाही. तेव्हा वय आणि टिकाव हे दोन हिशेब वेगळे ठेवू.

आता वय. गावाकडचा वाडा एका वर्षात, एका हाताने बांधलेला क्वचितच असतो. पुण्याचा शनिवारवाडाच बघा. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, इतक्या नेमक्या तारखा माहीत असूनही पुढच्या प्रत्येक पेशव्याने त्यात भर घातली. १८२८ च्या आगीत लाकूड गेलं आणि दगडी जोती, तट, दरवाजे राहिले. गावोगावी हेच लहान प्रमाणावर झालंय. जोतं जुनं, त्यावरचा सांगाडा एकदा-दोनदा बदललेला, छप्पर सगळ्यात नवं. माझ्या पाहण्यात, ज्या वाड्यांना घरचे शिवकालीन म्हणतात त्यांतले बरेचसे पेशवाईच्या उत्तरार्धातले किंवा सरळ १९ व्या शतकातले निघतात. वाईट वाटून घेऊ नका, त्या काळाचीही गोष्ट तितकीच रंगतदार आहे.

कारण १८१८ नंतर, पेशवाई गेल्यावर, गावात वाडे बांधायचे थांबले नाहीत. वतनं आणि इनामं बऱ्याच घराण्यांकडे राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेश, वऱ्हाड, दख्खनच्या काही भागांत पैसा खेळू लागला. भाव कोसळल्यावर शेतकरी बुडाला. सावकार मात्र बहुतेक ठिकाणी तरले, आणि आज ज्या वाड्यांचं कोरीवकाम बघायला लोक लांबून येतात त्यांतले काही याच सावकारी पैशाचे आहेत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा सुरू झाला तेव्हा लोकांनी सावकारांची कर्जखतं शोधून शोधून जाळली. हे सांगायचं कारण एवढंच, की वाड्याचा इतिहास शोधताना मालकाचा इतिहास नेहमीच गोड निघेल असं नाही. त्याचीही तयारी ठेवा.

वाडा वाचायचा तर खालून वर वाचा. जोत्याचे दगड चुन्यात घट्ट सांध्याने बसवलेत की मातीत? घडीव दगडांत मध्येच एखादा नक्षीचा, उलटा बसवलेला दगड दिसतो का? दिसला तर तो आधीच्या कुठल्यातरी बांधकामातून आणलाय. मग भिंतीचा गिलावा जिथे आपोआप पडलाय तिथे वीट बघा, मुद्दाम फोडू नका. जुनी वीट चपटी असते, जेमतेम दीड-दोन इंच जाडीची. जाड, कडा नेमक्या असलेली, साच्यातली नऊ इंची वीट दिसली तर तो भाग इंग्रजी अमलातला किंवा त्यानंतर दुरुस्त केलेला.

लाकूड सगळ्यात जास्त बोलतं. नगर जिल्ह्यातल्या एका देशमुखी वाड्यात माजघरावरच्या तुळईला खालच्या अंगाने तीन चौकोनी भोकं होती, रिकामी. त्यांत कधीच काही बसलेलं नव्हतं असं घरच्यांचं म्हणणं. पण भोकांच्या आतली धार झिजलेली, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) बसून काढल्याच्या खुणा स्पष्ट. म्हणजे तुळई दुसऱ्या इमारतीतून आली होती. बाहेरच्या चौकातल्या खांबांच्या डोक्याची कुसं मोजली तर ती त्याच मापाची निघाली! जुनी सदर (कारभाराची बैठक) उतरवून तिचं सागवान आत वापरलं होतं. चांगलं सागवान कुणी टाकून देत नसे, हे लक्षात ठेवा. त्यामुळे नुसतं लाकडाचं वय काढून वाड्याचं वय ठरत नाही. करवतीच्या खुणाही बघा: हाताने कापलेल्या फळीवर तिरक्या, कमीजास्त रेघा असतात, गोल यंत्रकरवतीच्या फळीवर कमानीसारख्या. ठोकून केलेला चौकोनी खिळा आणि कारखान्यातला गोल तारेचा खिळा, हा फरक तर लहान मुलालाही कळतो.

खांबांचा घाट हे दुसरं प्रकरण. मधे फुगीर आणि वर निमुळता होत गेलेला सुरूदार खांब, त्यावर महिरप आणि खाली लोंबणारी लाकडात कोरलेली केळफुलं, ही पेशवाईतल्या वाड्यांची ओळख. पण ही धाटणी पेशवाईबरोबर संपली नाही, सुतारांच्या हातात पुढे अनेक वर्षं राहिली. म्हणून फक्त केळफूल बघून ‘पेशवेकालीन’ म्हणणं घाईचं. माझा भर रचनेवर जास्त असतो. तळमजल्याला रस्त्याकडे एकही खिडकी नाही, बाहेरची भिंत आंधळी, दरवाजाला दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार) आणि जाड अडसर, शेजारी पहारेकऱ्याची देवडी, जिना भिंतीच्या जाडीत एकच माणूस चढेल इतका अरुंद आणि वर झडप, अशी मांडणी पेंढाऱ्यांच्या आणि लुटालुटीच्या काळाला धरून आहे. रस्त्याकडे सज्जे, मोठ्या खिडक्या, बिडाचे कठडे आले की समजायचं, मालकाला आता दरोड्यापेक्षा थाट दाखवायची चिंता जास्त आहे. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातला विश्रामबाग वाडा १८०७ चा. त्याचा रस्त्याकडचा लाकडी दर्शनी भाग बघितला की ही मोकळीक पेशवाईतच सुरू झाली होती हे कळतं. तेव्हा हाही नियम आंधळेपणाने लावू नका.

शेवटी छत. मंगलोरी कौल असेल तर एखादं उतरवून पालथं करा, मागे कारखान्याचा छाप असतो. मंगळुरात बासल मिशनने असा पहिला कारखाना काढला १८६५ मध्ये, म्हणजे तुमचं मंगलोरी छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. त्याआधी नळीची कौलं किंवा मातीचं धाबं (सपाट छत) असायचं. मंगलोरी कौलांखाली जाडजूड, जवळजवळ घातलेल्या तुळया दिसल्या तर तिथे पूर्वी धाबं होतं असा संशय घ्यायला जागा आहे, कारण हलक्या कौलांना इतकं लाकूड लागत नाही. लोखंडी गर्डर असेल तर त्यावरही कारखान्याचं नाव उठवलेलं असतं.

गणेशपट्टीवर (दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्टीवर) किंवा वृंदावनावर शके लिहिलेलं सापडलं तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येईल. शके १७८९ म्हणजे १८६७. पण तारीख ज्या वस्तूवर आहे त्या वस्तूची असते, वास्तूची असेलच असं नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. ते गाव त्यांना १७६८ च्या सुमारास मिळालं, वाडा आणि कृष्णेचा घाट त्यानंतरचा. पण घाटावरच्या देवळाजवळ टांगलेल्या घंटेवर साल आहे १७०७! ती पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर इकडे आलेली. घंटा वाचून घाटाचं साल सांगणारा माणूस साठेक वर्षांनी चुकेल.

मेणवलीला एकदा मुद्दाम जाऊन या, पण फोटोंसाठी नको. पहिल्या चौकातून शेवटच्या चौकापर्यंत सरळ चालत जा आणि उजेड, उंची, कोरीवकाम कसं बदलतं ते बघा. मोठ्या वाड्यात चौक म्हणजे कोण कुठवर येऊ शकतो याची सीमा होती. कुळं आणि बलुतेदार बाहेरच्या चौकात. त्यांतही काहींना सदरेच्या पायरीशी थांबावं लागे, काहींना देवडीच्या आत येताच येत नसे. पाहुणा, कारकून, सावकार सदरेवर. आतला चौक घरच्यांचा, माजघर, देवघर, कोठीघर, बाळंतिणीची खोली असलेला. त्यामागे मुदपाकखाना, आड, गोठा, परसदार. बायकांची ये-जा बरेचदा मागच्या दाराने. तुमच्या दोनचौकी वाड्यात बाहेरच्या सोप्याचं (ओसरीचं) जोतं आतल्यापेक्षा उंच आहे का ते बघा. असेल तर तिथे नुसती बैठक नव्हती, काहीतरी कारभार चालायचा: पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी किंवा सावकारी. हा एक धागा तुम्हाला कागदांपर्यंत नेईल.

कागद नाहीत असं तुम्ही लिहिलंय. घरात नसतील, पण सरकारी दप्तरात असू शकतात. घराण्याकडे वतन किंवा इनाम होतं का, हा पहिला प्रश्न. असेल तर १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने चौकशी केलेल्या कागदांत कैफियत, म्हणजे घराण्याने दिलेली हकिगत, सापडायची शक्यता बरी असते, आणि कैफियतीत वंशावळ असते. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलंय, बहुतेक सगळं मोडीत. मोडी वाचणारा माणूस गाठा आणि त्याला मोकळेपणाने मेहनताना द्या. ‘जरा वाचून सांगा ना’ म्हणून फुकट मागू नका. तारखा अरबी शब्दांत आल्या तर घाबरू नका. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७६. यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७५-७६. कागदात वाड्याचा थेट उल्लेख बहुधा नसतो. ‘घरवाडा’, ‘वाड्याची जागा’ असे शब्द वाटणीपत्रांत, निवाडापत्रांत येतात. तेच सोनं. भावाभावांची भांडणं झाली नसती तर निम्म्या वाड्यांचा इतिहास कुणाला कळलाच नसता.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचं घरपत्रक, म्हणजे नमुना ८, त्यासाठी बघा. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघतायत. तुमच्या गावची निघाली असेल तर नकाशा घ्या. वाड्याची आजची हद्द आणि जुन्या चौकांची मांडणी शेजारी ठेवली की कुठला भाग केव्हातरी विकला गेला ते दिसतं. सातारा आणि पुण्याचे जुने गॅझेटिअर १८८५ चे आहेत. गाव मोठं असेल तर त्यात एखादी ओळ मिळेल.

अजून दोन तारखा तुमच्या भागात विचाराव्याच लागतात. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. तुमचं घर त्यांतलं असेल तर तुळयांना काळवंडलेले डाग आणि एकदम बदललेलं छप्पर यांचा अर्थ लागेल, कागद का नाहीत याचंही उत्तर मिळेल. वडीलधाऱ्यांना हे विचारताना जपून विचारा. आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. साताऱ्याकडच्या वाड्यांतल्या कितीतरी तिरप्या भेगा त्या पहाटेच्या आहेत. पन्नासहून जास्त वर्षं न वाढलेली भेग आणि दोन पावसाळ्यांत वाढलेली भेग यांत फरक असतो. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख टाका. भिंत हलली तर काच तडकेल.

आता वळू मागच्या चौकाकडे, कारण माझ्या मते तातडी तिथे आहे. वाडा वयाने पडत नाही, पाण्याने पडतो. पूर्वी माणसं दर उन्हाळ्यात कौलं शाकारायची. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कुळं जमिनीची मालक झाली, वतनंही गेली. ते होणं न्यायाचंच होतं, पण वाड्याची डागडुजी ज्या उत्पन्नातून व्हायची ते आटलं. घरची मंडळी पुण्या-मुंबईला गेली. शाकारणी थांबली की पहिलं पाणी कुठे शिरतं? चौकाच्या आतल्या कोपऱ्यांत. तिथे दोन पाख्यांचं (छपराच्या उतारांचं) पाणी एका पन्हळीत एकवटतं, पन्हळ गंजते, पानांनी तुंबते आणि पाणी थेट कोपऱ्यावरच्या तुळईच्या टोकात मुरतं. तुळईचं भिंतीतलं टोक आधी कुजतं, बाहेरून धड दिसत असतानाच. मग वाळवी. मग खांबाचा तळ. म्हणून मागच्या चौकात जाऊन आधी चारही कोपऱ्यांचे खांब बघा. तळखड्याला (खांबाखालच्या दगडाला) टेकलेल्या लाकडात टोच्या सहज आत गेला तर तेवढा हात-दीड हात भाग कापून नवं सागवान जोडता येतं. धिरे लावून तुळई उचलून धरतात आणि हे काम जाणता सुतार आरामात करतो. अख्खा खांब बदलायची गरज फार कमी वेळा पडते, तो बदला म्हणणाऱ्याला कारण विचारा.

भिंतीला पोट सुटलंय का, तेही बघा. वाड्याची जाड भिंत म्हणजे दोन दगडी अंगं आणि मधे माती-गोट्यांची भर. वरून पाणी शिरलं की भर बसते आणि दगडी अंगं बाहेर फुगतात. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर धोका मोठा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या अशाच भिंती आणि वरची मातीची जड धाबी झोपेतल्या माणसांवर कोसळली, आणि काही घरांत लाकडी खणांचा (खांब-तुळयांमधल्या भागांचा) सांगाडा मात्र उभा राहिला. यावरून जुनं ते वाईट असा निष्कर्ष काढू नका. सांगाडा निरोगी ठेवा आणि डोक्यावरचं ओझं वाढवू नका. धाब्यावर दर वर्षी मातीचा नवा थर चढवायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. जुना थर काढल्याशिवाय नवा नको.

सिमेंटच्या गिलाव्याला माझं उत्तर नाही असं आहे. मातीची किंवा चुन्याची भिंत जमिनीतलं पाणी शोषते आणि पृष्ठभागातून सोडून देते. सिमेंट ते दार बंद करतं. मग पाणी वर चढतं, आतली माती भिजून विरघळते आणि तीन-चार वर्षांनी सिमेंट पापुद्र्यासारखं मोठ्या तुकड्यांत सुटतं, येताना जुना गिलावाही घेऊन येतं. पोट सुटलेली भिंत त्याखाली झाकली जाते हा आणखी धोका. चुन्याचाच गिलावा करा. चुना भिजवून मुरवलेला हवा, पिठासारखा कोरडा पिशवीतून काढून लगेच थापलेला नको. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांची प्रमाणं गवंड्यागणिक बदलतात, त्यावर वाद घालण्यापेक्षा भिंतीच्या एका कोपऱ्यात हातभर नमुना करून घ्या आणि पावसाळा जाऊ द्या. खर्च सिमेंटपेक्षा जास्त येतो, हे खरं आहे. सगळ्या भिंती एकदम करायची गरजही नाही. छत कोरडं झालं नसेल तर गिलाव्यावर एक रुपया घालू नका.

राहिला भाऊबंदांचा प्रश्न. अनेकांना वाटतं शंभर वर्षांपुढची वास्तू पाडताच येत नाही. तसं आपोआप होत नाही. राज्याच्या १९६० च्या किंवा केंद्राच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या, किंवा नगरपालिकेच्या वारसा यादीत आलेल्या वास्तूंना ते लागू होतं. गावातले बहुसंख्य खासगी वाडे यांपैकी कशातच नसतात. म्हणजे ठेवायचा तर घरात एकमत करूनच ठेवावा लागेल. त्यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे: गावात कुणी राहतं का, वाटेकरी चार आहेत की चाळीस, उत्पन्न काय. मी एवढंच सांगेन की खणांप्रमाणे वाटणी करून मधोमध भिंती घालू नका. एकाने आपल्या वाट्याचं छप्पर काढलं की शेजारच्या खणाची तुळई उघडी पडते आणि दुसऱ्याचा वाडा त्याच्या नकळत मरतो. छप्पर, पन्हळी आणि चौक सामाईक ठेवून आतल्या खोल्या वाटून घ्या, आणि शाकारणीच्या खर्चाचा वाटा वाटणीपत्रात लिहून घ्या. मागचा चौक खरंच हाताबाहेर गेला असेल तर तो काळजीपूर्वक उतरवून, लाकडावर खुणा घालून, पुढचा चौक वाचवणं हाही सन्माननीय मार्ग आहे. जुन्या लोकांनीही तेच केलं होतं.

पुढचं सांगायला मला फोटो लागतील. संपूर्ण वाड्याचे नकोत. मागच्या चौकाच्या चारही कोपऱ्यांतल्या खांबांचे तळ, तुळई भिंतीत शिरते ती जागा, उघडी पडलेली एखादी वीट शेजारी मोजपट्टी धरून, आणि एका कौलाची मागची बाजू. पाऊस तोंडावर असेल तर तोवर त्या चार पन्हळी साफ करून त्यांवर जाड ताडपत्री घाला. भिंतीला पोट सुटलं असेल तिथे मात्र कुणाला झोपू देऊ नका.